पट्टीची शस्त्रक्रिया आणि संसार

प्रश्न : माझे वय ४७ आहे. खोकले, शिंकले किंवा रंकाळ्यावर भरभर चालले तरी थोडी लघवी सुटते. जोतिबाला जाताना तर घडीचे फडके लावल्याशिवाय निघवत नाही. शरीरसंबंधाच्या वेळीही दोन-तीनदा असे झाल्यापासून मी काहीतरी निमित्त काढून टाळते. डॉक्टर पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. त्यानंतर संबंध ठेवताना त्रास होईल का? ह्यांना अजून काहीच सांगितलेले नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे टाळणे इच्छा आटल्यामुळे नसून अंथरूण ओले होईल या धास्तीपोटी आहे, असे पत्रावरून वाटते. गळती थांबली की ही धास्तीही जाते. त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक स्त्रियांचे शरीरसंबंध सुधारतात किंवा निदान पूर्वीसारखेच राहतात. थोड्या जणींना मात्र त्रास वाढतो, आणि तो का वाढतो हे आधीच समजून घ्यावे.

स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडलेल्या पद्धतीत योनीच्या पुढच्या भिंतीला लहानसा छेद घेऊन सुमारे सेंटीमीटरभर रुंदीची पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळीदार पट्टी मूत्रमार्गाखाली, ताण न देता ठेवतात. क्वचित तिची कड अस्तरातून वर येते. मग संबंधाच्या वेळी दुखते किंवा पतीला टोचते (पुष्कळदा तक्रार प्रथम त्याच्याकडूनच येते). उघडी पडलेली कड झाकता किंवा कापता येते. पण संपूर्ण पट्टी काढणे अवघड असते. जाळीमुळे झालेल्या त्रासाच्या तक्रारींवरून इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये अशा पट्ट्यांचा वापर थांबवण्यात आला. म्हणून, स्वतःच्या पोटाच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी वापरण्याचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

त्याआधी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम किमान तीन महिने केलेत का? पत्रात तसा उल्लेख नाही. लघवीची एकाएकी घाई होऊन गळत असेल, तर तो दोष वेगळा असून पट्टीचा उपाय त्यासाठी नाही. पाळी थांबल्यानंतरच्या कोरडेपणामुळे दुखत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम लावता येते.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे संबंध टाळावा लागतो आणि भरलेली कळशी-बादलीही उचलायची नसते. एवढी गोष्ट घरात लपून राहणार नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला यजमानांना बरोबर न्या आणि सुरुवात डॉक्टरांनाच करू द्या.