यॉर्कशायर कप भरतीचा नव्हता : हन्स्लेट, 1907-08

तुमचा प्रश्न असा की, रग्बी लीगच्या (तेरा जणांच्या रग्बीच्या) इतिहासात 'ऑल फोर कप्स' म्हणून एकाच हंगामात जिंकायचे जे चार किताब मोजतात (मुख्य लीगची चॅम्पियनशिप, सगळ्या क्लबांचा बाद पद्धतीचा चॅलेंज कप, काउंटी कप आणि काउंटी लीग) त्यात यॉर्कशायर कप कशाला? एकाच काउंटीचे संघ, फायनल डिसेंबरातच उरकलेली, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धेसारखाच एक सोपा कप. मी कामानिमित्त अडीच वर्षं लीड्सला होतो, तेव्हापासून या खेळाचा नाद लागलाय. त्या अनुभवावरून सांगतो, जिल्हा स्पर्धेची तुलना इथे साफ फसते.

1895 साली उत्तर इंग्लंडचे क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि रग्बी युनियनमधून फुटले. भांडण खाड्याचं होतं. सामन्यासाठी खाणीत किंवा गिरणीत खाडा झाला की रोजी बुडायची. ती भरून द्या, दिवसाला सहा शिलिंग, एवढीच मागणी. नव्या संघटनेचं नाव नॉर्दर्न युनियन. 'रग्बी लीग' हे नाव 1922 मध्ये आलं. आता नकाशा काढून बघा. हे क्लब जवळपास सगळे पेनाइन डोंगरांच्या दोन अंगांना, पूर्वेला यॉर्कशायर आणि पश्चिमेला लँकेशायर. वर राष्ट्रीय संघ आणि खाली जिल्हा संघ अशी उतरंड नव्हतीच. यॉर्कशायर कपात पहिल्या फेरीपासून हल, हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड, लीड्स, हडर्सफील्ड पूर्ण ताकदीनं उतरायचे, तेच खेळाडू घेऊन. संख्या जुळवायला कधी एखादा हौशी संघ बोलावत, ते सोडा. अर्धा खेळ त्या एका कपात होता.

कप सुरू झाला 1905-06 मध्ये, आणि पहिलाच हन्स्लेटनं नेला, हॅलिफॅक्सला 13-3 हरवून. पण खरा हंगाम 1907-08 चा.

हन्स्लेट म्हणजे लीड्सच्या दक्षिणेचा, एअर नदीपलीकडचा कारखान्यांचा भाग. (अवांतर, सोलापूरकरांसाठी : बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिनं बांधणाऱ्या किटसन कंपनीची एअरडेल फाउंड्री इथलीच.) कप्तान अल्बर्ट गोल्डथॉर्प, वय 36. सोळाव्या वर्षापासून याच क्लबात. हे पाच भाऊ, आणि पाचही जण हन्स्लेटसाठी खेळले. पुढच्या फळीत सहा फॉरवर्ड, ज्यांना लोक 'टेरिबल सिक्स' म्हणत.

आता इथे जरा थांबतो, कारण आकड्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही. 1906 मध्ये नियम बदलले होते. पंधराचे तेरा खेळाडू झाले. पकडलेल्या गड्यानं उठून चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि टाचेनं मागे सारायचा, ही पद्धत आली. म्हणजे 1907-08 हा नव्या खेळाचा जेमतेम दुसरा हंगाम. दोन गडी कमी झाल्यानं मैदानात मोकळी जागा झाली, आणि नुसती ढकलाढकल करणाऱ्या फॉरवर्डचे दिवस भरले. जे सहा जण स्क्रममध्ये (दोन्ही फळ्या एकमेकींना भिडून चेंडूसाठी रेटतात त्यात) चेंडू जिंकतील आणि लगेच पळूही शकतील, त्यांची चलती. हन्स्लेटकडे ते सहा आयतेच होते.

त्यांच्या मागे गोल्डथॉर्प उभा. त्याचं हत्यार ड्रॉप गोल. चेंडू हातातून सोडायचा, जमिनीला लागून वर उसळला रे उसळला की त्याच क्षणी लाथ, थेट खांबांमधून. तेव्हा ट्रायला तीन गुण आणि गोलला दोन. हिशेब करा : प्रतिस्पर्ध्याची अख्खी फळी फोडून रेषेपलीकडे पोहोचलात तर तीन, आणि या माणसानं लांबून जागच्या जागी लाथ मारली तरी दोन! सहा जणांनी चेंडू मागे दिला की काहीतरी पदरात पडणारच. त्या हंगामात त्यानं शंभराहून जास्त गोल मारले. एका हंगामात शंभरी ओलांडणारा तो पहिलाच.

यॉर्कशायर कपाची फायनल 21 डिसेंबर 1907 ला, हेडिंग्लीवर. समोर पुन्हा हॅलिफॅक्स. मैदान म्हणे तटस्थ! लीड्स क्लबचं असलं तरी हन्स्लेटच्या लोकांना शहरातल्या शहरात जायचं होतं. 17-0. हॅलिफॅक्सला एक गुण मिळाला नाही.

लीगची गोष्ट थोडक्यात. 27 क्लब, सगळे सगळ्यांशी खेळत नसत, म्हणून क्रमवारी टक्केवारीवर लागायची आणि चॅम्पियनशिपसाठी पहिल्या चारांत बाद फेरी. ओल्डहॅम पहिलं, हन्स्लेट दुसरं.

वसंतात मात्र दमछाक. 25 एप्रिलला हडर्सफील्डच्या फारटाउन मैदानावर चॅलेंज कपची फायनल, हलवर 14-0. पुढच्या शनिवारी सॅलफर्डला ओल्डहॅमशी चॅम्पियनशिपची फायनल, 7-7 अशी सुटली. मग 9 मे रोजी वेकफील्डला पुन्हा तीच लढत, 12-2. पंधरा दिवसांत तीन फायनल, 36 वर्षांच्या कप्तानाला घेऊन.

चौथा किताब यॉर्कशायर लीग. तुम्हाला भरतीचा कप हवाच असेल तर माझ्या मते तो हा. त्याचे वेगळे सामनेच नव्हते. मुख्य लीगमध्ये आपल्या काउंटीच्या क्लबांशी जे सामने झाले त्यांचीच वेगळी बेरीज, आणि त्यात जो वर तो विजेता. एखाद्या शनिवारी हरलात तरी पुढे भरून काढता येई. कपात ती सोय नव्हती. हरलात की घरी, आणि तेही हंगाम रंगात यायच्या आत. चारही जिंकायचं स्वप्न बहुतेकांचं तिथेच संपायचं.

हन्स्लेटनंतर हे फक्त दोघांना जमलं. 1914-15 ला हडर्सफील्ड, कप्तान हॅरॉल्ड वॅगस्टाफचा संघ, ज्यानं यॉर्कशायर कप फायनलमध्ये हलला 31-0 असं धुतलं. आणि 1927-28 ला पलीकडच्या अंगाचं स्विंटन, अर्थात त्यांच्या वाट्याला लँकेशायर कप. जॉन विली हिग्सन हा टेरिबल सिक्समधला गडी पुढे हडर्सफील्डला गेला आणि तिथेही चारही किताब जिंकणाऱ्या संघात होता. काउंटी लीग 1970 मध्ये बंद झाल्या, सामन्यांची गर्दी फार झाली म्हणून दोन्ही काउंटी कपही 1992-93 नंतर गुंडाळले.

हन्स्लेटचं पार्कसाइड मैदान सत्तरच्या दशकात विकलं गेलं. मी एका रविवारी जुना नकाशा घेऊन शोधत गेलो होतो. पत्र्याच्या शेड, बंद फाटकं, उभे ट्रक. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांना विचारलं तर त्यांनी काठीनं एका शेडकडे खूण केली, "खांब तिथे होते," आणि पुढे निघून गेले.

राहता राहिला 'सोपा कप' हा मुद्दा. विगननं लँकेशायर कप 21 वेळा जिंकला, तो विक्रम आहे. 1908-09 ला, म्हणजे हन्स्लेटच्या लगेच पुढच्या हंगामात, त्यांनी चॅम्पियनशिप, लँकेशायर कप आणि लँकेशायर लीग असे तीन नेले. चॅलेंज कप हुकला. विगनला चारही एकदम कधीच मिळाले नाहीत.