गालिचा धुतल्यावर पिवळा पडला, ग्राहक ४० हजार मागतोय, बिलावर ‘आम्ही जबाबदार नाही’ छापलंय. पैसे द्यावेत का?

प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे सरकलो. रात्री जेवणं झाल्यावर परत उघडला. ठाण्यातलं गिऱ्हाईक, २,८०० रुपयांचं काम, तिसऱ्या दिवशी हॉलमधल्या गालिच्यावर पिवळट पट्टे, ४० हजारांची मागणी. इथवर ठीक, आमच्या धंद्यात हे होतंच. पण शेवटी तुम्ही विचारलंय, ‘गालिच्यातच खोट होती हे आता कसं सिद्ध करू?’ त्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय.

आता नका सिद्ध करू. जे बघायचं ते धुण्याआधी बघायचं होतं.

मी २००३ पासून सोफे, गालिचे, पडदे धुतोय. सुरुवात दाजींबरोबर, म्हणजे मोठ्या बहिणीच्या यजमानांबरोबर. भांडुपला दोघांत मिळून एक मशीन, तेही एका हॉटेलातून सेकंडहँड उचललेलं. दाजी बोलायला वस्ताद, मी हातानं काम करणारा. बिलामागे ‘धुलाईत रंग गेल्यास, आटल्यास वा फाटल्यास आम्ही जबाबदार नाही’ ही ओळ दाजींनीच छापून घेतली होती, लाल शाईत. तुमच्याही बिलावर तेच वाचलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

२००९ चा जुलै. पार्ले पूर्वेला एक जुनी तीन मजली बिल्डिंग. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणायची, म्हणून आम्हीही. गालिचा साधारण चार बाय सहाचा, गडद लाल, पांढऱ्या काठात चिनारची पानं. यजमानांनी १९८१ साली श्रीनगरहून आणलेला, ‘प्युअर सिल्क’. यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली होती. गालिचा वर्षभर दिवाणाखाली गुंडाळलेला असायचा आणि गणपतीत निघायचा. यंदा पाहुणे येणार म्हणून धुवून हवा होता.

आमच्याकडे तेव्हा एक नवीन पोरगा होता, एकोणीस वर्षांचा. त्यानं विचारलं, ‘दादा, कोपऱ्यात फडकं लावून बघू का?’ ओलं पांढरं सुती फडकं प्रत्येक रंगावर दाबून धरायचं, फडक्यावर रंग येतो का बघायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. मीच शिकवलं होतं त्याला. पण पाऊस जेमतेम तासभर उघडला होता आणि पुढे अंधेरीला दोन सोफे होते. मी म्हटलं, ‘राहू दे रे, उरकून घे.’ सोफ्याला मारतो तोच शॅम्पू, तेच गरम पाणी. वर कहर म्हणजे गच्चीवरून खाली आणताना गालिचा ओलाच गुंडाळला. लाल भाग पांढऱ्या काठावर दाबून बसला. मग चार दिवस पंख्याखाली. जुलैतल्या मुंबईत चार दिवसांत टॉवेल धड वाळत नाही, तिथे गालिचा काय वाळणार! उलगडला तेव्हा चिनारची पानं गुलाबी झाली होती आणि लव, म्हणजे वरचे मऊ धागे, खळ घातल्यासारखी कडक.

बाई काही बोलल्या नाहीत. पुतण्या बोलला. ६० हजार द्या, नाहीतर ग्राहक मंचात जातो. मी मनातल्या मनात किती हप्त्यांत फेडता येतील त्याचा हिशेब करत होतो. दाजी म्हणाले, ‘तू गप बस, मी बघतो.’

बाईंच्या बाहेरच्या खोलीत बसलो. दाजींनी बशी मागितली. बाईंना वाटलं चहा हवाय, त्या म्हणाल्या, ‘टाकतेच आहे.’ दाजी म्हणाले, ‘नाही, नुसती बशी.’ झालरीतला एक धागा ओढून काढला, बशीत धरला आणि लायटर लावला. भुर्रकन जळला, मागे करडी राख. ‘वास घ्या,’ पुतण्याला म्हणाले, ‘खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. हा कागद जळतोय.’ मग बाईंकडे वळून, अगदी मऊ आवाजात, ‘बाई, साहेबांना श्रीनगरात कुणीतरी टोपी घातली हो. अठ्ठावीस वर्षं तुम्ही सूत सांभाळलंत.’

पुतण्यानं वास घेतला आणि खाली बघत बसला. बाईंनी राख चिमटीत घेऊन चोळली. बशी उचलून आत गेल्या, नळाखाली विसळली, ओट्यावर पालथी घातली. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘तुमचे किती झाले?’

चौदाशे झाले होते. दाजींनी मोजून घेतले.

जिन्यात मला म्हणाले, ‘बघितलंस? कस्टमर असा हँडल करायचा.’ महिनाअखेरीला त्या पोराच्या पगारातून पाचशे कापले, ‘टेस्ट न करता धुतलं’ म्हणून. ‘राहू दे’ मी म्हटलं होतं, हे दाजींना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर पोरगा सोडून गेला आणि वर्षभरात मीही वेगळा झालो. घरात कारण सांगितलं की मला पडद्यांचं काम वाढवायचंय.

आता यातली खरी गंमत. पाच-सात वर्षांनी कुर्ल्यात एका रफूवाल्याकडे गालिचा घेऊन गेलो होतो, झालर उसवली होती. भदोहीचा, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या गालिच्यांच्या गावचा माणूस, लहानपणापासून गाठी मारलेल्या. बोलता बोलता त्याला बशीची गोष्ट सांगितली. तो हसायलाच लागला. झालर काय वेगळी शिवलेली असते का? हातानं विणलेल्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे उभ्या धाग्यांचेच, उरलेले दोरे. काश्मिरी रेशमी गालिच्यातसुद्धा ताणा कित्येकदा सुताचा असतो आणि रेशीम असतं ते त्यावर बांधलेल्या गाठींत, म्हणजे लवेत. झालर जाळली तर कागदाचा वास येणारच! बघायचं असेल तर मागच्या बाजूनं एखाद्या गाठीचा तंतू सुईनं काढून बघायचा.

म्हणजे साहेबांना कुणी टोपी घातली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. लव कडक झाली होती त्यावरून वाटतं आर्ट सिल्कच असावं, म्हणजे व्हिस्कोस, कृत्रिम रेशीम. ते ओलं झालं की जवळजवळ निम्मी ताकद जाते आणि वाळल्यावर चरचरीत होतं. पण आमचा शॅम्पू नीट निघालाच नव्हता, त्यानंही कडकपणा येतो. आणि शॅम्पू सोफ्याचा, क्षारी (अल्कली) जातीचा. रेशीम आणि लोकर दोघांनाही तो सोसत नाही.

आणि धरून चालू की दाजींची टेस्ट बरोबर होती. तरी त्यातून काय निघालं? लायटर आणि बशी घेऊन दोन मिनिटांत कळणारी गोष्ट आम्ही पाणी मारायच्या आधी बघितली नाही, एवढंच. ती टेस्ट आमच्याच विरुद्धचा पुरावा होती. पुतण्याच्या हे लक्षात आलं नाही म्हणून वाचलो. तुमच्या गिऱ्हाइकाच्या लक्षात येईल, लोक आता हुशार झालेत.

कायद्याचंही तेच आहे. मी वकील नाही, पण वेगळा झाल्यावर एका वकिलाकडून समजून घेतलं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ म्हणतं, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतलीत तर शहाण्या माणसानं स्वतःच्या तशा वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घ्या. १५२ म्हणतं, तेवढी घेतली असेल तर नुकसानीला तुम्ही जबाबदार नाही. दाजींना १५२ तोंडपाठ आहे, १५१ त्यांनी कधी वाचलंच नाही. आणि बिलामागच्या ओळीवर फार विसंबू नका. लॉण्ड्रीच्या पावतीवर छापलेली, जबाबदारी कमी करणारी अट मद्रास उच्च न्यायालयानं साठच्या दशकातच सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली होती. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर एकतर्फी कराराविरुद्ध वेगळी तरतूद आहे. तुमचं गिऱ्हाईक ठाण्यात राहतं म्हणजे ठाण्यातच तक्रार करू शकतं, दोन वर्षांपर्यंत, आणि २,८०० च्या कामाला फी शून्य. वकीलही लागत नाही. त्यामुळे ‘जा, कुठे जायचं तिथे जा’ असं चुकूनही म्हणू नका. खरंच जातात.

तुमच्या पिवळ्या पट्ट्यांबद्दल. मला वाटतं गालिचा गेलेला नाही. पाठीत ज्यूट असेल आणि पाणी जास्त झालं असेल, तर वाळताना ज्यूटमधला तपकिरी अंश पाण्याबरोबर लवेच्या टोकाला येऊन बसतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो म्हणून जास्त येतो. पाठ बघा. ज्यूट दिसलं तर किराणावाल्याकडचं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) पाण्यात अगदी हलकं कालवून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून, मग स्प्रेनं टोकांवर मारायचं, पुसून घ्यायचं आणि जोरात पंखे लावायचे. पाणी ओतायचं नाही, नाहीतर पुन्हा तेच वर येईल. बऱ्याचदा निघतं. फोनवर वाद घालण्याऐवजी आज जाऊन हे करा. जाताना मशीन नका नेऊ, ती बघितली की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो.

नाहीच निघालं तर धुलाईचे पैसे परत, हे पहिलं. त्यांनी मागायच्या आधी. मग गालिचा कधी घेतला, बिल आहे का, हे विचारा. दहा वर्षं वापरलेल्या गालिच्याला नव्याची किंमत कुणी देत नाही, ग्राहक आयोगही सहसा देणार नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं. ४० हजार हा बोलायला सुरुवात करायचा आकडा आहे. रफू किंवा रंगाच्या दुरुस्तीचा खर्च तुम्ही करा, किंवा एक रक्कम ठरवा, आणि ‘यापुढे काही मागणं नाही’ असं दोघांच्या सहीनं लिहून घ्या. इन्शुरन्स असेल तर पॉलिसी नीट वाचा. ज्या वस्तूवर काम चालू आहे तीच बऱ्याच पॉलिसींमधून वगळलेली असते. मी दोन वर्षं हप्ता भरल्यावर वाचलं.

मी आता काय करतो ते सांगतो. दारातून आत गेल्यावर चपला काढायच्या आणि आधी फोन काढायचा. चारही कोपरे, पाठ, झालर, असलेले डाग, टेबलाच्या पायाखालची जागा. फडक्याची टेस्ट गिऱ्हाइकाच्या समोर, आणि फडकं त्यांच्याच हातात द्यायचं. रंग आला तर सांगायचं, हा मी धुणार नाही. महिन्याला दोन-तीन कामं अशी सोडतो. दाजी याला भेकडपणा म्हणतात. अंधेरीला एकजण वाइनचा डाग माझ्या माथी मारत होता, त्याला पाणी मारायच्या आधीचा फोटो दाखवला, मिनिटात विषय संपला. म्हणजे लबाड गिऱ्हाइकं नसतातच असं माझं म्हणणं नाही. आणि मांजरानं जागा खराब केली असेल तर तिथला रंग धुतल्यावर उतरलेला दिसू शकतो, तो आपल्यामुळे नसतो, तेही आधीच सांगून ठेवायला लागतं.

पोराच्या पगारातून कापू नका. तुम्ही विचारलं नाहीये, पण ‘हेल्परची चूक होती’ असं एका ओळीत लिहिलंय म्हणून सांगतो. त्याला घाई कुणी लावली होती ते आधी आठवून बघा.

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या साखरपुड्यात दाजींनी बशीची गोष्ट पुन्हा सांगितली, व्याह्यांना, हसत हसत. यावेळी मी सगळ्यांसमोर झालरीचं सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘अरे पण साठ हजार वाचले ना?’ ताईनं मला डोळ्यानं गप्प केलं, जिलेबी वाढायला घेतली. बाईंची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, त्या कुठे आहेत मला माहीत नाही. चौदाशे रुपये कुठे नेऊन द्यायचे हेही नाही.

तर, पाठ ज्यूटची आहे की लेटेक्सची, म्हणजे रबरासारख्या थराची, ते बघून इथेच खाली लिहा. लेटेक्स असेल आणि हाताला पावडर लागत असेल, तर लिंबूफूल लावूच नका, ते प्रकरण वेगळं आहे. ज्यूट असेल तर प्रमाण सांगतो.