वाचकांचे प्रश्न: क्रो म्हणजे कावळा का?

प्रश्न: काका, सरांनी वर्गात 'क्रो-मॅग्नन मानव' शिकवला. अर्धी पोरं म्हणतात क्रो म्हणजे कावळा, बाकीची म्हणतात तो कोणीतरी शास्त्रज्ञ असणार. खरं काय? आणि आपली कातळशिल्पं यांनीच काढली का?
(दहावीतला एक वाचक, राजापूर)

उत्तर: कावळ्याचा काही संबंध नाही रे बाबा, शास्त्रज्ञाचाही नाही. क्रो-मॅग्नन म्हणजे हजारो वर्षांपूर्वी युरोपात राहणारी, तुमच्या-आमच्यासारखीच माणसं, आणि त्यांना हे नाव पडलं एका कपारीवरून. फ्रान्सच्या नैऋत्येला लेझेझी नावाचं गाव आहे, तिथे १८६८ मध्ये रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चाललेलं आणि कड्याचा पायथा खणताना मजुरांना हाडं लागली (आपल्या हायवेला इतकी वर्षं खणतायत, निघाले ते खड्डेच). मग लुई लार्ते या भूगर्भशास्त्रज्ञाने तिथे रीतसर उत्खनन केलं. तिथल्या बोलीत 'क्रो' म्हणजे पोकळी, खबदाड, आणि मॅग्नन हे जागेच्या मालकाचं नाव असं सांगतात. म्हणजे आपल्याकडे सड्यावर 'खोताची कपार' म्हणावं तसाच प्रकार. फ्रेंच लोक उच्चार 'क्रो-मान्यों' असा करतात, तेव्हा कावळा आपोआपच उडाला.

त्या कपारीत निदान चार मोठी माणसं आणि एक तान्हं मूल, एवढ्यांची हाडं निघाली, साधारण ३० हजार वर्षांपूर्वीची. त्यातल्या एका वयस्कर पुरुषाच्या कपाळाच्या हाडात खळगा आहे. तो गाठी येण्याच्या आनुवंशिक आजाराचा असावा, असं फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं. पण मला सगळ्यात भारी वाटतात ते हाडांबरोबर निघालेले भोकं पाडलेले छोटे शंख, ढिगाने मिळाले. आपल्या पोरांना शंखाचं काय कौतुक, चपलेत अडकतात! पण लेझेझीपासून समुद्र आजही दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि हिमयुगात पाणी बरंच खाली असल्यामुळे किनारा त्याहून पुढे होता, म्हणजे कोणीतरी ते शंख एवढ्या लांबून आणलेत नाहीतर हातोहात देवाणघेवाण करत तिथवर पोचलेत, आणि पोट भरायला नाही तर नुसते दोऱ्यात ओवून मिरवायला.

कातळशिल्पांचं म्हणशील तर नाही, हे नाव युरोपातल्या माणसांपुरतंच आहे. कशेळीचा तो भलामोठा हत्ती इथल्याच माणसांनी कोरलाय. हां, त्यांच्याकडेही चित्रं आहेत, लेझेझी ज्या वेझेर नदीच्या खोऱ्यात आहे तिथेच लास्कोची गुहा आहे, १९४० मध्ये सापडलेली, पण ती चित्रं या कपारीतल्या माणसांनंतर हजारो वर्षांनी काढलेली.

प्रश्न: हा आणि निअँडरथल एकच ना?
(एक वाचक, दापोली)

उत्तर: नाही हो ताई. निअँडरथल हा वेगळा, आता नामशेष झालेला मानव, तो युरोपात आधीपासून होता. क्रो-मॅग्नन म्हणजे होमो सेपियन्स, तुमच्या-आमच्यासारखाच, मूळ आफ्रिकेतला, युरोपात पोचला साधारण ४५ हजार वर्षांपूर्वी. दोघांची गाठ पडली आणि मुलंबाळंही झाली. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या डीएनएत निअँडरथलचा दोनेक टक्के वाटा आहे, त्यात आपण कोकणी माणसंही आलो. शास्त्रज्ञ आता 'क्रो-मॅग्नन' फारसं वापरत नाहीत, 'युरोपातले आद्य आधुनिक मानव' म्हणतात, कारण एका कपारीचं नाव अख्ख्या खंडातल्या माणसांना दिलं की ती काही वेगळीच जात होती असं वाटायला लागतं. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल तेच लिहायला सांगा मुलांना.