मुख्य रस्ता बंद असल्यामुळे आमच्या गल्लीतून गाड्या सुसाट जातात. रहिवाशांनी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुलाच्या कामासाठी मुख्य रस्ता काही महिने बंद आहे, वळवलेली सगळी वाहतूक तुमच्या दारावरून जाते आणि 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी लावूनही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. आमच्याकडे हेच झालं होतं. आम्ही तर पाटीच्या जोडीला शिट्ट्या घेऊन उभे राहिलो. दोन संध्याकाळी गाड्या हळू झाल्या, तिसऱ्या दिवशी शिट्टीवाले घरी बसले आणि गाड्या पुन्हा होत्या तशाच.

'फार जोरात जातात हो' ही तक्रार कुणी मनावर घेत नाही. हातात आकडा हवा, आणि तो फुकट मिळतो. रस्त्याच्या कडेला खडूने दोन खुणा करा, बरोबर ५० मीटरवर. टेपने मोजा, पावलांनी नको. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर बंद. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किमी, ४ सेकंद म्हणजे ४५ आणि ३ सेकंद म्हणजे ६०. बोट थोडं मागेपुढे होतंच, म्हणून एकेका गाडीवरून वाद घालू नका. शंभरेक गाड्या मोजा, वेळेसकट वहीत लिहा. रात्री उशिराच्याही घ्या, कारण कोंडीत गाड्या आपसूक हळू असतात, खरी शर्यत रिकाम्या रस्त्यावर लागते. मग सगळे वेग चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातली पंच्याऐंशीवी गाडी बघा. वाहतूक अभियंते सरासरीपेक्षा याच आकड्याकडे जास्त बघतात.

आमच्या वहीतून एक अडचणीची गोष्ट निघाली. सुसाट जाणाऱ्यांत आमच्या गल्लीतली मंडळीही होती! ती पानं फाडायचा मोह झाला होता. फाडली नाहीत ते बरं झालं, कारण 'यात तुमच्या गाड्या किती?' हाच अर्ज घेणाऱ्या साहेबांचा पहिला प्रश्न होता.

'३० आणि ५० मध्ये असा काय फरक पडतो?' असंही कुणीतरी म्हणणारच. त्याला हा हिशेब सांगा. समोर मूल आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ३० च्या वेगाची गाडी ८ मीटर पुढे येते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण १३ मीटर. ५० ची गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर आलेली असते. पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. ती पूर्ण वेगात आदळते. आणि या घाईत वाचतं काय? एक किलोमीटरच्या गल्लीत ४८ सेकंद. रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेत निघालेल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही, जिथे पायी चालणारे आणि वाहनं एकाच रस्त्यावर वावरतात तिथे कमाल वेग ३० किमी ठेवावा असं आहे. अर्जात हे जरूर घाला.

आता मागायचं काय? वेगमर्यादेची आणखी एक पाटी मागू नका. चालक पाटी बघून नाही, रस्ता बघून वेग ठरवतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय खाली जातोच. त्यातून वळवून आलेला माणूस आधीच उशीर झाल्यामुळे चिडलेला असतो. तेव्हा रस्ताच अरुंद करून मागा: बॅरिकेड किंवा रेतीची पिंपं आलटून पालटून दोन्ही बाजूंना ठेवली की गाडीला नागमोडी जावं लागतं. काम संपलं की ती उचलून नेता येतात, म्हणून कार्यालयही फारसं कुरकुरत नाही. जड वाहनांसाठी वेगळा मार्गही मागा. सगळ्यांत परिणामकारक उपाय म्हणजे गल्लीचं एक तोंड पायी आणि दुचाकींपुरतं खुलं ठेवून बाकीच्यांना बंद करणं. पण तुमची गल्लीच अधिकृत पर्यायी मार्ग असेल तर ते मिळणार नाही. आधी हे तपासा. अधिकृत मार्ग दुसराच असेल आणि नकाशाच्या ॲपमुळे लोक आत घुसत असतील, तर अर्जाचा सूर पूर्ण बदलतो.

गतिरोधकाबद्दल जरा सबुरीने. रातोरात सिमेंटचा उंचवटा घालणारे उत्साही लोक सगळीकडे असतात. अशा उंचवट्यावर अंधारात दुचाकीवाला पडतो आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. नीट बांधलेला गतिरोधक साधारण १० सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब असतो, म्हणजे टेकाड नव्हे, पसरट फुगवटा. शिवाय तो एकटा कामाचा नाही. पुढचा लांब असला की मधल्या पट्ट्यात लोक आधीपेक्षा जोरात पळवतात. आणि तो कुणाच्या खिडकीखाली येणार ते आधीच ठरवा. आमच्याकडे ज्यांच्या दारासमोर तो झाला त्यांना रात्रभर ब्रेक आणि गिअरचा आवाज ऐकावा लागायचा. सर्वांत आधी मागणी त्यांचीच होती, आणि काढून टाका म्हणणारेही पहिले तेच.

अर्ज चार घरांच्या सह्यांनिशी, वहीच्या प्रतीसकट, काम करणाऱ्या यंत्रणेला आणि वाहतूक पोलिसांना असा दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या. एकाकडेच दिलात तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. काही बदल झालाच तर आठवड्याने त्याच ५० मीटरवर पुन्हा मोजायला लागेल. आमच्या खडूच्या खुणा पहिल्याच पावसात धुऊन गेल्या होत्या, तुम्ही ऑइलपेंटने करा.