सेवेला जायचं, पण कुणाच्या हाताखाली?

प्रश्न : जिल्हा रुग्णालयातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. वय ६०. नोकरीतली २२ वर्षं लेबर रूममध्ये गेली. यजमान नाहीत, मुलगा-सून पुण्यात. पहाटे जाग येते आणि ड्यूटी नाही हे आठवून जीव कासावीस होतो. परदेशात जाऊन सेवा करावी असं फार वाटतं. एक एजन्सी दोन लाख घेऊन कंबोडियातल्या अनाथालयात चार आठवडे पाठवते. मुलगा म्हणतो, "आई, या वयात कशाला?" काय करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मीही लेबर रूममधलीच. निवृत्तीनंतर वर्षभर मी पहाटे उठून ड्यूटीचा अंबाडा घालायचे आणि जायचं कुठेच नाही म्हणून तो सोडून ठेवायचे.

वयाचं म्हणाल तर मुलाला लिलियन कार्टर यांच्याबद्दल सांगा. जॉर्जियातल्या या विधवा नर्स १९६६ मध्ये, ६८ व्या वर्षी, अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक कार्यक्रमातून निघाल्या आणि आल्या कुठे, तर आपल्या विक्रोळीत. गोदरेज वसाहतीत त्यांनी २१ महिने काम केलं. १५ ऑगस्ट १९६८ ला त्यांची सत्तरी इथेच पूर्ण झाली. त्यांचा मुलगा जिमी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. पीस कोअर फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. आपल्याला संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात अर्ज करता येतो. तिथे पैसे भरायचे नसतात, उलट राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो.

आता माझं सांगते. २०१५ च्या भूकंपात नेपाळचा सिंधुपाल्चोक जिल्हा उद्ध्वस्त झाला. पुढच्या वर्षी एका संस्थेमार्फत मी तिथे आठ महिने होते. पहिल्याच आठवड्यात घरी बाळंत होणाऱ्या एका मुलीकडे गेलो. नाळ कापली आणि मी सवयीने म्हणाले, "काही लावू नका, कोरडी ठेवा." पस्तीस वर्षं मी हेच शिकवत आले होते. सोबतच्या स्वयंसेविका दिदीने काही न बोलता पिशवीतून अंगठ्याएवढी ट्यूब काढली. त्यावर देवनागरीतच लिहिलं होतं, 'नाभी मलम'. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं जेल. तिने ते नाळेच्या टोकाला, मग बेंबीच्या भोवतीने बोटाने लावलं.

कारण मला नंतर कळलं. तिकडे घरच्या बाळंतपणात नाळेला मोहरीचं तेल, हळद लावतात आणि त्यातून जंतू जातात. नेपाळच्याच सर्लाही जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात क्लोरहेक्सिडिनने नाळ पुसलेल्या बाळांचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी आढळले होते. मी शिकवत होते ते चूक नव्हतं, पण ते दवाखान्यातल्या स्वच्छ बाळंतपणासाठी होतं. त्या दिदीचं शिक्षण पाचवीपर्यंतचं. नेपाळात अशा पन्नास हजारांवर बायका गावोगाव हे काम करतात, १९८८ पासून. दुसऱ्या दिवशी मी तिची नोंदवही लिहायला बसले.

तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माझ्याकडे नव्हती, म्हणून मी एकही इंजेक्शन दिलं नाही. ती नसताना देऊही नये. पण हेल्थ पोस्टवरच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य केंद्रातल्या, नवख्या मुलींकडून बाहुलीवर बॅग-मास्कचा, म्हणजे पिशवी दाबून श्वास देण्याचा, सराव रोज करून घ्यायचे. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास द्यायचा, हात थरथरू द्यायचा नाही. हे तुमच्याही हातात आहे ताई, आणि त्याची गरज पुष्कळ ठिकाणी आहे.

म्हणून ते दोन लाख भरू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते. कंबोडियातल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहतात म्हणून मुलं घरापासून तोडून तिथे ठेवली जातात. दर चार आठवड्यांनी नवी मावशी लळा लावते आणि निघून जाते. त्या लेकरांचं काय होत असेल?

कुठल्याही संस्थेला आधी विचारा : तिथे मी कुणाच्या हाताखाली काम करणार? तिथल्याच एखाद्या सिस्टरचं, दिदीचं नाव सांगता येत नसेल तर फोन ठेवून द्या. किमान सहा महिन्यांचं काम घ्या, त्याआधी भाषाच कानावर बसत नाही. निघण्यापूर्वी कोषागारात हयातीच्या दाखल्याचं विचारून घ्या, नोव्हेंबरात तुम्ही बाहेर असलात तर पेन्शन अडकायला नको. आणि नेपाळचं जमलं तर व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालतं. मुलाला म्हणावं, पोखऱ्यापर्यंत सोडायला ये.