कँडिड शिक, रोलवर शिक, पण ऑर्डर डिजिटलवर घे

ताई, तुझं पत्र मिळालं. दारव्हा तालुक्यातलं गाव, बी.एस्सी. सेकंड इयर, केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्स, मामाच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला निकॉन एफएम 10 हा रोलचा कॅमेरा हाती लागलाय, आणि तुला लग्नात कोणाला पोज द्यायला न लावता, आहे तसे, कोणाच्या मधे न येता, म्हणजे कँडिड, फोटो काढायचेत आणि तेही रोलवर, म्हणजे फिल्मवर. बाबा म्हणतात, "लग्नात फोटो काढनं हे का काम हाय का, बी.एस्सी. झाली का बी.एड. कर." तुझे प्रश्न दोन, यात करिअर होतं का, आणि दीड लाखाचं कर्ज काढून नवा कॅमेरा घेऊ की नुसतं फिल्मवरच काम करू. नाव छापू नका म्हणालीस म्हणून छापलेलं नाही.

करिअर होतं. पण तू ज्या क्रमाने विचार करतेस तो उलटा आहे असं मला वाटतं. तू आधी कॅमेऱ्याचं विचारतेस, आणि तुझ्याकडे जी खरी पुंजी आहे तिचं पत्रात एका ओळीतही नाव नाही.

आपल्याकडच्या लग्नात सध्या काय होतं ते तूच बघतेस. हार घालताना शूटिंगवाला नवरदेवाला थांबवतो, पुन्हा घाला, इकडे पाहा, हसा, मागे चारशे माणसं उन्हात ताटकळलेली, आणि शेवटी अल्बममधे येतं काय तर हसऱ्या चेहऱ्यांची एकसारखी पानं. आता शेवटचं मंगलाष्टक आठव. अंतरपाट निघतो, अक्षता पडतात, सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर. त्याच वेळी नवरीचा बाप मांडवाच्या खांबाजवळ असतो, अर्धं लक्ष पंगतीकडे, वरण पुरेल का नाही याच्यात, आणि अक्षता टाकायला वर केलेला हात तसाच राहून जातो कारण डोळे भरलेले असतात. तो फोटो कोणीच काढत नाही. तो काढायचा तर तुला दोन मिनिटं आधीच कळलं पाहिजे की बाप कुठे उभा राहणार, उजेड कुठून येणार, आणि तू समोरच्या बाजूला आधीच जाऊन गप उभी असली पाहिजे. धावत गेलीस की गेला. हे कळायला लग्न आतून माहीत लागतं, आणि ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

दुसरं म्हणजे तू मुलगी आहेस. मागच्या खोलीत नवरीला चुडा भरतात, हळदीची गाणी चालतात, मावशी तिचे केस विंचरता विंचरता कानात काहीतरी सांगते. तिथे पुरुष फोटोवाला आला की बायका पदर सावरून गप्प बसतात, तू गेलीस तर कोणी मानसुद्धा वर करणार नाही. नागपूरहून मोठी टीम आली तरी तिला हे मिळत नाही. बाबांना होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांग. आपल्या देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, जन्म 1913 चा, साडी नेसून जड कॅमेरा घेऊन दिल्लीत काम केलं, स्वातंत्र्याच्या वेळचे फोटो त्यांचे आहेत, आणि 2011 मधे पद्मविभूषण मिळालं. बाईमाणसाचं काम नाही असं जर घरात कोणी म्हणत असेल तर त्याला हे उत्तर पुरे.

आता फिल्म. तुला रोल का आवडतो हे तू नीट लिहिलं नाहीस, फक्त "ते फोटो वेगळेच दिसतात" एवढं लिहिलंस, पण ते खरं आहे आणि त्याला कारण आहे. कलर निगेटिव्हवर उजेड थोडा जास्त पडला तरी ती सांभाळून घेते, पांढरं हळूहळू विरत जातं. मे महिन्याच्या दुपारी आजोबांचं धोतर-टोपी डिजिटलवर पटकन नुसता पांढरा डाग होतो, निगेटिव्हवर कापडाची घडी राहते. उलट उजेड कमी पडला की मात्र फिल्मची सावली गढूळ होते, म्हणून रोलवर एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, नेहमी सावलीकडे पाहून ठेवायचं. दुसरी गोष्ट, रोलमधे 36 फोटो. मागे स्क्रीन नाही. काढला की पाहायला मान खाली जात नाही, नजर माणसावरच राहते, आणि प्रत्येक क्लिकला पैसे लागतात म्हणून तू थांबायला शिकतेस. कार्तिए-ब्रेसाँ नावाचा फ्रेंच फोटोग्राफर छोटा लायका कॅमेरा आणि बहुतेक वेळा 50 एमएमची एकच लेन्स घेऊन, फ्लॅश न वापरता, अनेक वर्षं हेच करत राहिला, 1948 मधे गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटोही त्याने काढलेत. ते नक्की पाहा.

पण सगळं लग्न रोलवर घ्यायचं, तेही आपल्याकडे, हे मला पटत नाही. हिशोब बघ. दहा रोल म्हणजे 360 फोटो. कलर रोल बाहेरून येतो, एक रोल साधारण हजार रुपयाच्या आसपास किंवा वर, धुणं आणि स्कॅन वेगळं, आणि आता जवळपास कलर रोल धुणारी लॅब मिळणं मुश्किल म्हणून मुंबई-बंगलोरला कुरिअर करा. गावच्या ऑर्डरीत हा खर्च बसत नाही. शिवाय रात्रीच्या मांडवात 400 आयएसओचा (उजेडाला बऱ्यापैकी संवेदनशील) रोल फ्लॅशशिवाय पुरत नाही, आणि फ्लॅश मारला की तुझं गुपचूप काम संपलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लग्न पुन्हा लागत नाही. रोल नीट अडकला नाही तर दिवसभर क्लिक करत राहशील आणि आत काहीच नसेल. (एफएम 10 मधे रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडचा रिवाइंडचा नॉब फिरतो का ते पाहायचं, फिरला तर रोल पुढे जातोय. ही सवय पहिल्या दिवसापासून लाव.)

म्हणून ऑर्डर डिजिटलवर घे, एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा असेल तर उत्तमच, आणि सोबत एकच ब्लॅक अँड व्हाइट रोल ठेव. हळदीचं अंगण, सकाळचा उजेड, खिडकीजवळची आजी, एवढंच त्यात. त्या 36 तले दहा-बारा चांगले निघाले तर त्याचे मोठे प्रिंट आणि निगेटिव्ह घरच्यांना दे. नीट ठेवलेली ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह दोन-तीन पिढ्या टिकते, हार्ड डिस्कचा असा भरवसा नाही. लोक सुरुवातीला याचे वेगळे पैसे देणार नाहीत, तरी करत राहा, कारण पुढच्या ऑर्डरी याच प्रिंटवरून येतील असं माझं मत आहे.

ब्लॅक अँड व्हाइट म्हणतोय कारण ते तू घरी धुवू शकतेस, आणि इथे तुझी केमिस्ट्री कामाला येते. प्रॅक्टिकलला आयोडीनच्या टायट्रेशनमधे जो हायपो वापरतेस, सोडियम थायोसल्फेट, तेच पूर्वीपासूनचं फिक्सर आहे, न वापरलेलं सिल्व्हर हॅलाइड ते विरघळवून टाकतं. डेव्हलपरमधे, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या द्रावणात, हायड्रोक्विनोनसारखं रिड्यूसिंग एजंट असतं, ते उजेड लागलेल्या दाण्यांची चांदी करतं. अंधार करायला काळी चेंजिंग बॅग, रोल धुवायचा एक टँक, थर्मामीटर, एवढं पुरे. अडचण एकच, रोल किती वेळ धुवायचा याचे बहुतेक चार्ट 20 डिग्रीचे असतात आणि उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं असतं, तर माठाचं पाणी घे, बाटली बर्फात ठेव, आणि थर्मामीटर बघूनच ओत. रोलसुद्धा गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नको, उन्हाने तो वापरायच्या आधीच खराब होतो.

डिजिटलवरच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो कारण नवीन पोरं इथेच फसतात. लाल-केशरी कापडाच्या मांडवात दुपारी सगळ्यांचे चेहरे केशरी येतात, नंतर कॉम्प्युटरवर ते नीट निघत नाही, म्हणून शक्य तिथे माणूस मांडवाच्या कडेला, उघड्या बाजूला असताना फोटो घे. आणि सायलेंट शटर फार छान वाटतं, पण एलईडीच्या लाइटमधे त्याने फोटोवर काळे पट्टे येऊ शकतात, तिथे साधं मेकॅनिकल शटर लाव आणि 1/100 किंवा 1/50 सेकंदावर राहा, कारण आपली लाइट 50 हर्ट्झची आहे.

कर्ज आता नको. दीड लाखाचा हप्ता दर महिन्याला येतो आणि लग्नं दर महिन्याला येत नाहीत, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, एप्रिल-मेमधे गर्दी, आषाढात बंद, आणि ज्या वर्षी कापसाला भाव नाही त्या वर्षी लोक आधी फोटोवाल्यालाच काट मारतात. या सीझनला यवतमाळ किंवा अमरावतीच्या एखाद्या चांगल्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर, म्हणजे त्याच्या सोबतीने फोटो काढणारी, म्हणून जा, त्याचाच कॅमेरा वापर, पैसे कमी मिळतील पण काम दिसेल. मग सेकंडहँड बॉडी आणि एक 50 एमएम एफ 1.8 लेन्स, बस. तेव्हा लागलं तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज 50,000 पर्यंत तारण न देता मिळतं, तेवढ्यात बसव. पावसाळ्यात दुसऱ्यांचे अल्बम डिझाइन कर, घरबसल्या होतं.

बी.एस्सी. मात्र पूर्ण कर, यात बाबांचं बरोबर आहे. डिग्री असली तर गांधीनगरच्या एनआयडीला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) फोटोग्राफी डिझाइनमधे एम.डेस., म्हणजे डिझाइनची मास्टर्स डिग्री, आहे, त्याची परीक्षा देता येईल. आयटीआयमधे डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीवर होतो, पण सगळ्या आयटीआयत नाही, चौकशी करून घे.

अजून एक, हे मनापासून सांगतो. गुपचूप फोटो काढणं म्हणजे न विचारता काढणं नाही. घरच्यांना आधीच भेट, मी कुठे कुठे असेन ते सांग, आणि नवरीचा एकही फोटो तिला न विचारता इन्स्टावर टाकू नको. रडणारी आई, कोपऱ्यात एकटी बसलेली काकू, असे फोटो आधी घरच्यांना दाखव, ते नको म्हणाले तर डिलीट. आपल्याकडे एका फोटोवरून दोन घरं बोलेनाशी होतात आणि तुझ्यावरचा विश्वास गेला तर तालुक्यात काम मिळणार नाही. रात्री परत यायची सोय ऑर्डर घेतानाच ठरव, गाडी त्यांची, आणि एखादी मैत्रीण सोबत घे, ती व्हिडिओ शिकली तर जोडीच होईल.

तूर्त मामाच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघड, कडेचा काळा फोम चिकट झालाय का बघ, झाला असेल तर उजेड आत शिरतो, तो बदलावा लागेल. लेन्समधे जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बल्बसमोर धरून पाहा. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, नसली तरी शटर चालतं. हे तिन्ही बघून मला कळव, मग पहिला रोल कोणता घ्यायचा ते सांगतो. आणि बाबांना बोलायचं असेल तर खुशाल येऊ दे, शनिवारी दुपारी मी ऑफिसलाच असतो.