नाशिक : दहावीतल्या मुलाला फिट येतात, पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. हे मिरगीमुळेच का?

हो, मिरगीमुळे असं होऊ शकतं, पण त्यावरून मुलाची बुद्धी कमी झाली असं अजिबात समजू नका. मी इथेच नाशिकमध्ये अशा मुलांच्या स्मृती आणि एकाग्रतेच्या चाचण्या घेते. नवी आठवण पक्की करण्याचं काम कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, करतो, आणि फिट तिथून सुरू होत असेल तर पाठांतराला थेट फटका बसतो. डाव्या बाजूला असेल तर बहुधा शब्द, नावं, धडे निसटतात. काही फिटमध्ये मूल पडत नाही, थरथरतही नाही, फक्त काही सेकंद टक लावून बघतं. वर्गात असं दिवसातून अनेकदा झालं की अर्धा धडा कानावरच पडलेला नसतो, आणि घरी आपण त्याला आळशी म्हणतो. फार वाईट वाटतं मला याचं. रात्री झोपेत फिट येत असेल तर आदल्या दिवशीचा अभ्यासही नीट मुरत नाही.

मात्र दोष दर वेळी आजाराचाच नसतो. कधी तो मिरगीच्या गोळ्यांचाही असतो. टोपिरामेट या गोळीने काहींना गोदाघाट डोळ्यांसमोर असूनही नाव ओठांवर येत नाही, फेनोबार्बिटोन या गोळीने विचार मंदावू शकतात. तसं वाटलं तर न्यूरॉलॉजिस्टना गोळी किंवा डोस बदलण्याबद्दल विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका, त्याने न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकतं.